डोंगराच्या अंगाचा झरा

पोटच्या पोराने आईला नोटीस बोर्डावर गाठावं, हे मालनला सगळ्यात झोंबलं. निलेश सकाळी तिच्यासमोर बसून तीन घावणे खाऊन उठला, विषयाबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि खाली उतरून लिफ्टशेजारच्या काचेत कागद डकवून ऑफिसला निघून गेला. तो कागद मालनने अकरा वाजता भाजीची पिशवी हातात धरून वाचला. बाई चौथीपर्यंत शिकलेली, अक्षराखाली बोट धरून वाचायची. बोट जिथे थांबलं, तिथे लिहिलं होतं : मागील बाजूची वापरात नसलेली विहीर बुजवून त्या जागी दुमजली पार्किंग करणे. त्याखाली : टँकरचा वर्षभराचा करार करणे. सभा रविवारी. सही, निलेश धोंडू गवस, सेक्रेटरी.

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी ही सात मजल्यांची सोसायटी उभी राहिली, त्याआधी इथे चाळ होती, आणि चाळीआधी ही विहीर. चाळ पाडायची म्हणून बिल्डर सह्या घेत फिरला तेव्हा सगळ्यात शेवटची सही मालनची झाली. अकरा दिवस तिने त्या माणसाला तिष्ठत ठेवलं. विहीर राहणार असं कागदावर आल्याशिवाय पेन हातात धरलं नाही. चाळीतल्या बायकांना तिने तेव्हा सांगितलं होतं, "विहीर जाणार नाय. माझ्यावर सोडा." बारा वर्षं झाली त्या शब्दाला. आता तिचंच पोरगं त्या शब्दावर डबर ओतायला निघालं होतं.

संध्याकाळी निलेशने बूट काढायच्या आत तिने विचारलं.

"काय रे मेल्या, घरात तोंड नाय काय तुला? आईशी बोलायला काच लागते?"

"आई, तू चिडणार हे माहीत होतं म्हणून..."

"म्हणून आधी चिडवलंस."

निलेशने हात जोडल्यासारखं केलं. "ऐक ना. पाचव्या मजल्याच्या वर दर उन्हाळ्यात पाणी चढत नाही. पालिकेचं पाणी कमी पडतं, टँकर येतो तो त्याच्या मर्जीने. करार केला की रोज येईल. आणि त्या विहिरीला आहे काय? इंजिनीयरने टेप सोडून बघितलं. सहा फूट पाणी. सोसायटीने वापरलं तर दीड दिवसात खडखडाट."

"सहा फूट भरलेलं बघितलं. येतं किती, ते बघितलं?"

"म्हणजे?"

"चरवीत दूध किती आहे ते बघून म्हशीची किंमत करतात काय रे?"

सून अक्षता स्वयंपाकघरातून हसली आणि मग खोकल्यासारखं केलं. मालन म्हणाली, "आमच्या गावात पाडवा झाला की विहीर उपसतात. तळ उघडा करायचा, गाळ काढायचा, आणि कठड्यावर बसून बघायचं, किती वेळात किती वर येते. तेव्हा कळते विहीर काय जातीची आहे. ही बारा वर्षं कोणी उपसली नाय. जाळी टाकून ठेवलीय, जशी घरातली म्हातारी."

"आणि उपसून पाणी नाही आलं तर?"

मालनने त्याच्याकडे नीट बघितलं. "तर रविवारी बुजवायच्या बाजूने पहिला हात माझा वर. सगळ्यांसमोर."

हे बोलून झालं आणि तिच्या लक्षात आलं, की आपण आपली मान आपल्याच हाताने पणाला लावली.

शनिवारी सकाळी मानखुर्दहून राजाराम आला, विहिरी साफ करणारा, वडिलोपार्जित धंदा. त्याने आधी बादलीत दिवा पेटवून आत सोडला. दिवा पाण्यापर्यंत विझला नाही, तेव्हा म्हणाला, हवा चांगली आहे, उतरतो. दोन पंप लावले. निम्मी सोसायटी जाळीभोवती जमली. गाड्या ठेवायला जागा नाही म्हणून रडणारे तर खुर्च्या घेऊनच आले.

शेजारच्या विंगमधली नंदा मालनला लागून उभी राहिली. दोघी चाळीतल्या, एकीचं माहेर सावंतवाडीकडे, दुसरीचं सांगोल्याकडे. पाण्याच्या रांगेत भांडता भांडता झालेली मैत्री.

साडेदहाला तळ दिसला. राजारामने गाळ भरभरून वर पाठवला. त्यात चपला निघाल्या, क्रिकेटचे चेंडू निघाले, आणि बूड गेलेली तांब्याची एक कळशी निघाली. कळशीच्या गळ्यावर नंदाच्या सासऱ्याचं नाव ठोकलेलं, चाळीत असताना हरवली होती तीच. नंदा एकदम आभाळाकडे, झाडाकडे, कुठेही बघायला लागली.

"बघ गो," मालन म्हणाली, "कोणी नेली ते. तीस वर्षं माझ्या मोरीत डोकावून बघायचीस."

"मी कुठे नाव घेतलं होतं तुमचं, मालनताई?"

"नाव नाय घेतलंस. पण हळदीकुंकवाला आलीस की आधी मोरीत जायचीस."

हशा झाला. पण तो फार वेळ टिकला नाही. पंप बंद करून सगळे पाण्याची वाट बघायला लागले, आणि पाणी काही येईना. मालनने सुंभाच्या दोरीला हात हात अंतरावर गाठी मारून, खाली दगड बांधून ती आत सोडली होती. तासाभराने बघितलं तर पहिली गाठही बुडाली नव्हती. जेमतेम एक वीत पाणी.

इंजिनीयर पोरगा सभ्य होता. तो हळूच म्हणाला, "आजी, झरे आटलेत. डोंगरावर इतक्या इमारती झाल्या, असं होतं." खुर्चीवरचे एकमेकांकडे बघून माना डोलवायला लागले. निलेशने आईकडे बघितलं नाही. तेवढी लाज त्याच्यात होती.

मालन कठड्याला टेकली. उद्या सगळ्यांसमोर हात वर करायचा. नंदा, वरच्या मजल्यावरच्या बायका, सगळ्या बघणार. तिने डोळे मिटले आणि चाळीतली रांग आठवली. अमुक बाई इथे, तमुक तिथे. आणि सगळ्यांचं भांडण एकाच कोपऱ्यासाठी. कळशी सोडायची ती डोंगराच्या अंगाला, का, तर तिथलं पाणी गार. उन्हाळ्यात त्या बाजूची कळशी कमरेवर घेतली की अंगावर शहारा यायचा. गार पाणी म्हणजे तिथून ताजं येत होतं.

तिने डोळे उघडले. राजाराम अजून तळाशीच उभा होता. "राजारामभाऊ, तळ सोड. डोंगराच्या अंगाला हात लाव. कुठला दगड गार लागतो सांग."

खालून घुमून आवाज आला. "आजी, सगळेच गार आहेत."

"सगळे ओले असतील. हात ठेव आणि थांब. ज्याच्यावर हात ठेववणार नाय, तो सांग."

राजाराम कमरेएवढ्या उंचीवर एकेक दगड चाचपत सरकला. मग त्याने हात झटकला.

"हा. बर्फासारखा आहे." थोडं थांबून म्हणाला, "पण आजी, हा दगड नाही. सिमेंटचा गोळा आहे. गाळ चढलाय म्हणून दगडासारखा दिसतो."

बांधकामाच्या वेळी कुठल्यातरी गवंड्याने उरलेला माल विहिरीत लोटून दिला होता, आणि तो नेमका झऱ्याच्या तोंडात जाऊन बसला होता. बारा वर्षं. मालन म्हणाली, "पहार सोडा खाली." निलेशने स्वतः दोरीला पहार बांधली. त्याचे हात घाईत होते, हे तिने बघून ठेवलं.

पाच घाव झाले. सहाव्याला गोळा निखळून पडला आणि त्याच्यामागून मनगटाएवढी जाड धार निघाली, आधी लाल, मग गढूळ, मग काचेसारखी. राजाराम शिडी धरून वर आला तेव्हा कमरेपर्यंत भिजला होता आणि त्याचे दात वाजत होते. एप्रिलच्या दुपारी एक वाजता.

मालन जागची हलली नाही. जेवण अक्षताने तिथेच आणून दिलं. ती मोठ्याने गाठी मोजत राहिली आणि तिच्यामागे बायकांनी ताल धरला. एक. दोन. चौथ्या गाठीला खुर्च्या रिकाम्या झाल्या. चार वाजता सहावी गाठ बुडाली, तेव्हा इंजिनीयरने मोबाईलवर हिशेब केला, पुन्हा केला, आणि निलेशला दाखवला.

"तीन तासांत दोन टँकर भरतील एवढं आलंय," निलेश म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

रविवारी सभा झाली. बुजवायच्या बाजूने चार हात वर आले, त्यातला एक गाडी नसलेल्या माणसाचा, सवयीने. मग मालनला बोलायला सांगितलं. ती उठली नाही, बसूनच म्हणाली, "एका नळावर घर चालत नाय. गावात आमची विहीर होती, पाट होता, दारात पन्हळीखाली पिंप होतं. एक रुसलं की दुसरं. इथे आपण वर्षभर नळाच्या आणि टँकरच्या तोंडाकडे बघतो. पोटाला पालिकेचं ठेवा. संडासाला, कपड्याला, गाड्या धुवायला विहिरीचं. आणि गच्चीवरचं पावसाचं पाणी गटारात सोडता, ते वाळूच्या खड्ड्यातून विहिरीला द्या. तिने तुम्हाला द्यायचं आणि तुम्ही तिला काय नाय द्यायचं, असं चालत नाय." त्याच सभेत ते ठरलं. वेगळा पाइप, वेगळी टाकी.

मे महिन्यात शहरात पाणीकपात लागली आणि त्याच आठवड्यात टँकरवाल्यांनी संप केला. आजूबाजूच्या सोसायट्यांत लोक बिसलेरीच्या बाटल्यांनी भांडी विसळायला लागले. इथे सातव्या मजल्यावर फ्लश चालत होता. पाचव्या दिवशी पलीकडच्या इमारतीचे लोक बादल्या घेऊन गेटवर आले. मालनने निलेशला सांगितलं, पाइप टाक कंपाउंडवरून, आणि त्याने काही न विचारता टाकला. नंदाने ती बूड नसलेली कळशी घासून, कुंडी करून, त्यात तुळस लावून कठड्यावर ठेवली. मालन म्हणाली, चोर सापडला म्हणून पूजा करतेस काय.

संप मिटला त्या सकाळी निलेशने एक कागद छापून आणला. या वेळी तो आधी स्वयंपाकघरात आला. आईसमोर बसून वाचून दाखवला : दरवर्षी पाडव्यानंतरच्या रविवारी विहीर उपसण्यात येईल, गाठी मोजण्याचे काम श्रीमती मालन धोंडू गवस यांच्याकडे राहील.

"लावू ना बोर्डावर?" त्याने विचारलं. "आता तरी राग गेला का?"

मालनने कागद घेतला, अक्षराखाली बोट धरून स्वतः पुन्हा वाचला, नावापाशी बोट जरा जास्त वेळ ठेवलं, आणि कागद परत दिला.

"लाव. मी चौथीपर्यंतच शिकले, पण पास-नापास मला कळतं. सेक्रेटरी म्हणून तू पास झालास, निलेश. मुलगा म्हणून अजून एक वर्ष त्याच वर्गात बस."