लिबलिब्याची चार पानं

मुलांच्या साप्ताहिकाची मधली चार पानं कोरी होती. संध्याकाळी सहाला ती छापखान्यात पोहोचायला हवी होती, आणि ती काढणारे मुख्य चित्रकार मोडलेलं मनगट धरून दवाखान्यात बसले होते. सकाळी न्हाणीघरात साबणावर पाय पडला होता.

संपादक फोन ठेवून घाम पुसतच बाहेर आले. "बोंबललं! या अंकात घणवीर नाही."

घणवीर म्हणजे हातात घण घेऊन डोंगर फोडणारा मुलांचा लाडका वीर. त्याच्यासाठीच अंक खपायचा.

खोलीत तेव्हा एकटी अक्षरबाई होती. हे नाव तिला ऑफिसनंच ठेवलेलं. घणवीराच्या तोंडून निघणाऱ्या फुग्यांतली अक्षरं ती नऊ वर्षं लिहीत होती. शिवाय शेवटच्या पानावर, कोड्याच्या खाली जी चार बोटं जागा उरायची, तिथे ती स्वतःचं एक चित्र काढायची. त्याचं नाव लिबलिब्या.

लिबलिब्या चार वर्षांच्या पोराएवढा, मळलेल्या कणकेसारखा मऊ. जे दिसेल ते व्हायची त्याला भारी हौस, पण कुठलीच गोष्ट धड व्हायची नाही. किटली झाला तर तोटी मागच्या बाजूला, खुर्ची झाला तर पाय तीन, छत्री झाला तर पाऊस आतल्या बाजूला. एवढं करून वर डोळे मोठे करून विचारायचा, "जमलं ना?"

"मी काढते चार पानं," अक्षरबाई म्हणाली, आणि आपण हे काय बोलून बसलो म्हणून तिचेच कान गरम झाले.

"कुणाची?"

"लिबलिब्याची. तो मुलांना वाचवेल."

"अहो, त्याला साधं स्टूल होता येत नाही!"

"घणवीर वाचवणार हे पहिल्याच चित्रात कळतं. हा वाचवेल की नाही, याचा कुणालाच पत्ता नाही. मला पण नाही."

संपादकांनी घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजून वीस मिनिटं. "बसा," ते म्हणाले. "आणि मला काहीतरी काम द्या, नाहीतर मी नखं खाऊन संपवीन."

तिनं त्यांना चौकटी आखायला बसवलं.

पहिलं पान भराभर उतरलं. शाळेची मुलं शहराखालचं भुयार बघायला आली आहेत. लिबलिब्या एका मुलीच्या पाठीवर दप्तर होऊन फुकटात फिरतो आहे, दप्तराला अर्थातच पट्टा एकच आहे. तेवढ्यात धाड्‌! पाण्याची मोठी पाइप फुटते. दार लोटलं जातं आणि अडकून बसतं. पाणी घोट्यापर्यंत, पाणी गुडघ्यापर्यंत.

इथे तिची पेन्सिल थांबली. तिनं घरी फोन लावला. वडील चाळीस वर्षं नळाची कामं करून आता घरी बसलेले.

"बाबा, भुयारात मुलं अडकलीत, मोठी पाइप फुटलीय, पाणी चढतंय! काय करू?"

"अरे देवा! तू कुठे आहेस? बाहेर पड आधी!"

"मी ऑफिसात आहे, बाबा. गोष्टीतली मुलं."

"माझ्या जिवाचं पाणी झालं ना, कार्टे! किती इंची पाइप?"

"दोन फूट रुंद."

"मग बूच ठोकू नकोस. एवढ्या दाबानं ते गोळीसारखं उडेल. एल्बो बसव, वाकडा तुकडा असतो तो. आणि पाणी मोठ्या गटारात काढून दे. मुलं किती आहेत?"

"अकरा."

"एकही बुडवायचं नाही, सांगून ठेवतो!" म्हणून त्यांनीच फोन आपटला.

वाकडा तुकडा! अक्षरबाई खुर्चीतून उठलीच. वाकडं होण्यात लिबलिब्याचा हात कोण धरणार?

मग तिचा हात थांबेना. लिबलिब्या बूच झाला आणि खरंच गोळीसारखा उडून छताला चिकटला. दार झाला, तर बिजागरीच विसरला. पाणी मुलांच्या छातीशी आलं. ती दप्तरवाली मुलगी रडत नव्हती, पण तिची हनुवटी थरथरत होती. ती हनुवटी काढायला अक्षरबाईनं वीस मिनिटं घालवली. "पुढे चला, पुढे!" संपादक ओरडले. ते अंधार भरत होते आणि कोपरापर्यंत काळे झाले होते.

पावणेसहाला छापखान्याचे काका पानं न्यायला आले. तिसरं पान त्यांच्या हातात पडलं. ते उभ्याउभ्याच वाचू लागले आणि चौथ्यासाठी त्यांनी हात पुढे केला.

"ते व्हायचंय अजून," संपादक म्हणाले. "ही तीन घेऊन व्हा पुढे."

"वा! असा कसा जाऊ? पोरं वाचतात की नाही, ते सांगा आधी."

"दिसेलच आता," अक्षरबाई मान वर न करता म्हणाली.

काकांनी फोन उचलला. "मशीन चालू करू नका रे. पंधरा मिनिटं. इथे पाणी गळ्याशी आलंय." मग ते तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

तिच्या हाताखाली लिबलिब्यानं डोळे मिटले. सरळ, लांब, मोठ्या माणसासारखी पाइप व्हायची असं त्यानं ठरवलं. त्यानं सगळं अंग ताणलं, आणि झाला मधोमध काटकोनात वाकडा! फुटक्या तोंडाला तो गच्च बसला. पाणी त्याच्या पोटातून वळलं आणि गडगडत मोठ्या गटारात कोसळलं. त्याचे गाल फुगले, कान लांबले, तरी त्यानं पकड सोडली नाही. पाणी छातीवरून कमरेला आलं, कमरेवरून घोट्याला. मग अडकलेलं दार आपोआप उघडलं.

"सुटली!" काकांनी टाळी वाजवली आणि शाईची बाटली थोडक्यात बचावली.

शेवटच्या चौकटीत पाइपच्या टोकाला दोन डोळे उघडले होते आणि अकरा मुलं तिला बिलगली होती. फुग्यातलं "जमलं ना?" लिहून अक्षरबाईनं पेन खाली ठेवलं. सहा वाजून चार मिनिटांनी काका पानं पोटाशी धरून जिना उतरत पळत सुटले. पहिल्या पानाखाली संपादकांनी तिला न विचारताच तिचं पूर्ण नाव टाकलं होतं.

अंक दोन दिवसांत संपला, पुन्हा छापावा लागला. पाचव्या दिवशी मुख्य चित्रकार हात गळ्यात बांधून आले. त्यांनी उभ्यानं चारही पानं वाचली, मग बसून पुन्हा वाचली. अक्षरबाई तोवर एकच पेन्सिल तासत राहिली.

"ही हनुवटी," ते शेवटी म्हणाले, "मला जमली नसती."

ती काही बोलणार, तोच जिन्यात गलका झाला. शाळा सुटल्यावर पंधरा-वीस पोरं थेट ऑफिसात चढून आली होती. सगळ्यांत पुढच्या दोन वेण्यांवालीनं कमरेवर हात ठेवून विचारलं, "लिबलिब्या कुठाय?"

अक्षरबाई गडबडली. संपादक मात्र क्षणभरही न थांबता कोपऱ्यातल्या जुन्या कपाटाकडे बोट दाखवून म्हणाले, "श्श! आत्ता तो कपाट झालाय."

पोरांनी कपाटाला वेढाच घातला. एकीनं दाराला कान लावला, दुसऱ्यानं कपाटाची मूठ हुंगली, आणि मग सगळ्यांनी मिळून त्याला गुदगुल्या करायला सुरुवात केली.