टाकीवरची खडूची ओळ

मित्रांनो, महाप्याच्या एका कारखान्यात मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली जी जुनी मोटरसायकल उभी आहे, ती मी. डांबरी रस्ता असो की चिखल, दोन्हीकडे सारखीच पळणारी गाडी बनवायची, म्हणून १९९२ साली पहिला नमुना म्हणून मला घडवलं. तेव्हा माझा तोरा काही औरच होता.

कारखान्याचा चाचणी-चालक नामा मला चालवून पाहायचा. उरणकडच्या मिठागरांच्या बांधावरून मला भरधाव न्यायचा आणि परत आला की माझ्या काळ्या टाकीवर खडूने दोष लिहायचा. कारखान्याचा शिरस्ता असा, की ज्याने दोष दुरुस्त केला त्यानेच ती ओळ पुसायची. एका दुपारी नामाने लिहिलं, 'साठच्या वर हँडल थरथरतं.'

दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते. आमची आखणी करणाऱ्या जयप्रकाश साहेबांनी फडकं घेतलं आणि ओळ पुसून टाकली. दुरुस्ती राहून गेली, आणि माझ्याच मापावर दुसरी गाडी बेतली. तिच्यावरून नामा बांधावर गेला तो परत आलाच नाही. मग माझं कौतुकही संपलं. मला शेडमध्ये ढकललं.

ओळ मात्र गेली नाही. हवा दमट झाली की ती टाकीवर पुन्हा उमटे, नामाच्याच वळणाची. साहेब गुपचूप येऊन पुसत. मला माझ्याच अंगाची भीती वाटे.

१९९७ साली तिसरी गाडी तयार झाली. चौकट तीच, रंग नवा. ती बांधावर न्यायला नामाचा धाकटा भाऊ दिपेश आला. मी ओरडू शकत नव्हते. इतक्यात तिच्या कोऱ्या लाल टाकीवर एकेक अक्षर उमटू लागलं. कुणाच्याही हातात खडू नव्हता.

दिपेश किल्ली लावता लावता थांबला. "साहेब, यो अक्षर माझे दादाचा हाय."

"डाग असेल रे. पूस आणि नीघ," साहेब म्हणाले, पण नजर वर करेनात.

दिपेशने किल्ली त्यांच्यापुढे धरली. "तुमीच बसा गारीवर. मंग पुसा."

साहेबांनी किल्ली घेऊन खिशात टाकली. "त्याची ओळ मीच पुसली होती रे," म्हणाले.

त्यांनी चौकट नव्याने बेतली. दिपेशने गाडी ऐंशीने पळवली आणि सुखरूप परत आणली. मग शिरस्त्याप्रमाणे साहेब फडकं घेऊन आले. दोन्ही टाक्या आधीच लख्ख होत्या. माझ्या टाकीवर फक्त मिठागराच्या खाऱ्या पाण्याने ओल्या झालेल्या हाताच्या तळव्याचा ठसा होता, अजून गरम.

मित्रांनो, आम्हाला घासूनपुसून चकचकीत ठेवता, बरं वाटतं. पण फडकं उचलण्याआधी काय लिहिलंय ते वाचत जा.