फुंकरबाबांच्या डोंगराचं नाक

मंगळवारी दुपारी बागेत पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी उपनगराच्या टोकाच्या या बागेत येतं कोण? पोट कमी करायला चालणारे, आणि त्यांना चुकवत बाकावर बसणारी जोडपी. बाग म्हणजे मुळात बंद पडलेली कोळशाची खाण. टेकडीवर झाडं लावली, पायवाटा आखल्या, खाणीच्या तोंडाला लोखंडी जाळी ठोकली, झाली बाग. आता त्या जाळीसमोर दीडशे माणसं नाक पुढे करून उभी होती, कारण भर उन्हात जाळीतून गारेगार वारा येत होता.

"डोंगर श्वास सोडतोय!" शेजारी बसलेले फुंकरबाबा गर्जले. "पाताळाचा प्राणवायू! मातीनं हजार वर्षं गाळलेला! दमा, खोकला, पडसं, एकवीस फुंकरींत साफ! आणि शंका घेणाऱ्याच्या नाकात हा शिरतच नाही!"

ही सोय भारीच. बरं नाही वाटलं तर दोष तुमच्या नाकाचा. घरी न्यायला फुग्यातूनही श्वास मिळायचा. ते फुगे बाबांचा मेव्हणा झुडपाआड सायकलच्या पंपानं भरत होता, हे मी या डोळ्यांनी पाहिलं.

मी पोट धरून हसले असते, पण पहिल्या रांगेत माझी ताई होती. ताईला लहानपणापासून दमा. मी औषधाच्या दुकानात काम करते, तिचा दम्याचा, तोंडात फवारायचा पंप दर महिन्याला मीच बाजूला काढून ठेवते. या महिन्यात तो तसाच दुकानाच्या कपाटात पडून होता.

"बाबा म्हणतात, पंप म्हणजे कुबडी," ताई म्हणाली. "टाकल्याशिवाय... चालता येत नाही."

"आणि झोप?"

"बसल्या बसल्या... लागतो की डोळा."

एवढंसं बोलायला तिला दोनदा थांबावं लागलं. माझं डोकंच फिरलं. भांडले, रडले, तिच्यावर काडीचाही परिणाम नाही.

मग मी पंखेवाल्या काकांना गाठलं. ते आमच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. खाण चालू होती तेव्हा आत हवा खेळवणारा मोठा पंखा तीस वर्षं त्यांच्याकडे होता. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "तुमचा बाबा सकाळी सहाला का नाही बसत?"

"तेव्हा ध्यानात असतात म्हणे."

"ध्यान कसलं डोंबलाचं! सकाळी गारठा असतो तेव्हा हीच जाळी हवा आत ओढते. घरी ताडपत्री आहे का?"

बुधवारी दुपारी बारा वाजता मी वरच्या पायवाटेच्या टोकाला, झुडपात दडलेल्या विटांच्या धुरांड्यापाशी उभी होते. कमरेइतकं उंच, माथ्यावर जाळी. शेजारच्या माहितीफलकावर बाबांचं पोस्टर चिकटवलेलं. ते टराटरा फाडलं, तर खाली लिहिलेलं, 'खाणीत हवा खेळवणारं वरचं तोंड'. तेवढ्यात काकांचा फोन आला. खाली गर्दीसमोर त्यांनी तो स्पीकरवर लावला होता.

"बाबा, डोंगर तुमचं ऐकतो ना?" काकांचा आवाज.

"माझ्याशिवाय कुणाचंच ऐकत नाही!"

"बघू या. पोरी, बस!"

मी धुरांड्यावर ताडपत्री टाकली आणि वर फतकल मारून बसले. फोनमधून कुणीतरी ओरडलं, "अहो, वारा थांबला!"

"डोंगर रागावला!" बाबा किंचाळले.

"राग घालवतो. पोरी, ऊठ!"

उठले. "आला, आला!"

बस, ऊठ, बस, ऊठ. माझे गुडघे कुरकुरायला लागले, पण खाली लोक खिदळायला लागले होते. शेवटी एक आजी ओरडल्या, "अगं ए बाई, बसूनच राहा आता, मला थंडी वाजतेय!"

मग काकांनी समजावलं. "खाणीच्या पोटात बारा महिने सारखाच गारवा. बाहेर ऊन तापलं की आतली थंड हवा जड, ती खालच्या तोंडानं बाहेर पडते आणि वरून नवी आत येते. पहाटे बाहेर जास्त गार, तेव्हा सगळं उलटं. एक तोंड दाबलं की दुसरं गप्प. आणि हे औषध नव्हे हो! असल्या हवेत प्राणवायू कमी पडतो, म्हणून तर पंखा लावला होता!"

"घोर कलियुग!" म्हणत बाबांनी आसन गुंडाळलं. मेव्हणा सायकलचा पंप तिथेच टाकून पळाला.

पण गर्दीतल्या ताईला ते वरचं तोंड स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. ती वरची पायवाट चढायला लागली. अर्ध्या वाटेत मला दिसली ती खडकाला धरून उभी, ओठ पांढरेफटक, तोंडातून शब्द नाही. मी धावत खाली आले आणि पिशवीत घालून आणलेला तिचा पंप पुढे केला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तो हिसकावूनच घेतला.

पंधरा मिनिटांनी तिला बोलता आलं. "वर तू बसली होतीस?"

"हो."

"आणि मी खाली हात जोडून उभी." ताई हसली, मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. मीही रडले, खोटं कशाला सांगू. तशीच तिला डॉक्टरांकडे नेली.

आता दुकानात कुणी असल्या चमत्काराचं नाव काढलं, की मी विचारते, सकाळी सहालाही होतो का? त्याचं दुसरं तोंड शोधलंत का? आणि कुणी औषध टाकायला सांगितलं असेल, तर म्हणते, औषध ठेवा, बाबाला टाका.

ताईचा पंप मला आता बाजूला काढून ठेवावा लागत नाही. जुना संपायच्या आधी आठवडाभर ती स्वतः येऊन नवा घेऊन जाते.