थोरलीच्या नावचा टेम्पो

रोज सकाळी सात वाजता थोरली सून दारातला टेम्पो धूत असे. धुण्यापुरताच तो तिचा. कागदावर मात्र तो तिच्याच नावाचा होता. गाड्या लीजवर देणारी ती कंपनी बायकांसाठी अटी सैल ठेवायची, आणि नवरा गेलेल्या बाईसाठी तर आणखीच सैल. थोरला मुलगा तापाने गेला तेव्हा सासूबाईंनी महिनाभर डोळे पुसले. दुसऱ्या महिन्यात त्यांनी सुनेला कंपनीच्या ऑफिसात नेऊन सहीला बसवले. किल्ली गेली धाकट्या मुलाच्या खिशात. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, त्यातली गत.

सासूबाईंना यात वावगे काहीच दिसत नव्हते. गल्लीत आणखी तीन घरी हेच चाललेले. त्या दुसरीपर्यंत शिकलेल्या, स्वतःच्या नावापलीकडे त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, पण घर त्यांच्या जिभेवर चालायचे. ती जीभ अशी की भाजीवाला त्यांना लांबून पाहूनच शिळी मेथी पोत्याखाली सारायचा. "सुनेला कसलं विचारायचं," त्या म्हणायच्या, "उंबऱ्यावर पाय देताना उंबऱ्याला विचारता का?"

त्या दिवशी धाकटा चहाला बसला तो कुरकुरतच. टेकडीवर नव्या इमारती होत होत्या, तिथे फरश्यांची खोकी पोचवायचे त्याचे काम.

"चढावर जीव जातो त्या टेम्पोचा," तो म्हणाला. "मागचे हॉर्न वाजवत पुढे निघून जातात. माझ्या दोन फेऱ्या होतात, आमच्यातल्या त्या टकल्या ड्रायव्हरच्या तीन. त्याने इंजिन ट्यून करून घेतलंय."

"ते काय असतं?" सासूबाईंनी विचारले.

"गाडीत छोटा कॉम्प्युटर असतो. इंजिनला किती इंधन द्यायचं ते तो ठरवतो. ट्यूनिंगवाला वायर जोडतो आणि त्याला नवा धडा पढवतो. मग तीच गाडी दीडपट माल ओढते."

"मग घे की पढवून. घोडं अडलंय कुठे?"

"तो आधी कागदावर सही मागतो. उद्या काही झालं तर त्याच्यावर यायला नको म्हणून. आणि सही ज्याच्या नावावर गाडी आहे त्याचीच पाहिजे."

सासूबाई हसल्या. "एवढंच ना? ती सही आतमध्ये भांडी घासतेय."

थोरली हात पुसत आली. तिने कागद घेतला आणि वाचायला लागली. ही तिची खोड सासूबाईंना पहिल्यापासून खुपत होती. पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय ही बाई टाकायची नाही.

"भाऊजी, गाडी आपली नाही," ती म्हणाली. "लीजच्या कागदात लिहिलंय, इंजिनात काही बदल करायचा नाही. केला तर विमा गेला, आणि पुढे जे होईल ते माझ्या माथी."

"कळणार कुणाला, वहिनी? सर्व्हिसिंगच्या आधी पहिल्यासारखं करून घेऊ."

"बरं, नाही कळलं. चढताना दीडपट माल ओढेल. येताना तुम्ही राडारोडा भरून आणता, तोही मग दीडपट भराल. उताराला ब्रेक तेवढेच राहणार ना?"

धाकट्याने आईकडे पाहिले. सासूबाईंजवळ उत्तर नसण्याची वेळ कधी आलीच नव्हती.

"ऐक रे," त्या म्हणाल्या, "आपल्याकडे इंजिनिअर भांड्याला ठेवलाय."

धाकटा खो खो हसला. ओट्यापाशी त्याची बायको तांदूळ धूत होती, तीही थोडी हसली. सासूबाई विनोद करीत तेव्हा हसायचे, हे ती घरात आल्याच्या पहिल्या आठवड्यात शिकली होती.

"मी सही नाही करणार, आई," थोरली म्हणाली आणि भांड्यांकडे वळली.

त्या घरात सासूबाईंना नाही म्हणणारा माणूस अजून जन्मायचा होता. त्यांनी आवाज चढवला नाही. पहिल्या दिवशी थोरलीच्या ताटात भाताची करपलेली खरवड पडली. दुसऱ्या दिवशी तिचे अंथरूण जुन्या टायरांच्या खोलीत गेले. थोरलीने खरवड खाल्ली आणि टायर सरकवून जागा केली. सासूबाईंना वाटले, ही अशी वाकणारी नाही, हिला दुसरीकडून धरावे लागेल.

तिसऱ्या दिवशी त्यांनी थोरलीच्या सहा वर्षांच्या मुलीला मांडीवर घेतले, गोळी दिली आणि एक शब्द पाठ करून घेतला. पोर धावत आईकडे गेली.

"आई, तू पांढऱ्या पायाची आहेस?" तिने विचारले, आणि वाकून आईची पावले नीट निरखली. "काळी तर आहेत."

थोरलीने पोरीला जवळ ओढले. सासूबाई कागद आणि पेन घेऊन समोर येऊन बसल्या.

"आता नीट ऐक," त्या शांतपणे म्हणाल्या. "सही कर, नाहीतर आजच चालायला लाग. तुझ्या बापाचं दार बंद झालंय, तुला ठाऊक आहे. आणि पोरगी इथेच राहील. ती आमच्या रक्ताची आहे, तू बाहेरून आलेली. मी तिला वाढवीन. वर्षभरात ती तुला रस्त्यात ओळखणार नाही, एवढं मी बघीन."

धाकटा दारात उभा राहून ऐकत होता. ओट्यापाशी धाकटी तांदळाचे पाणी बदलत होती. ते चौथ्यांदा बदलले जात होते. तिने मान वर केली नाही.

थोरलीने सही केली. सही करतानाही तिने कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला, आणि सासूबाईंना त्याचा फार राग आला.

ट्यूनिंग तासाभरात झाले. सासूबाई स्वतः गॅरेजात जाऊन खुर्ची टाकून बसल्या होत्या. मग अकरा दिवस तीन-तीन फेऱ्या झाल्या, आणि गल्लीतल्या एकूण एक बाईला ते ऐकावे लागले.

बाराव्या दिवशी भर दुपारी टेम्पो टेकडीवरून राडारोडा घेऊन उतरत होता. ब्रेक तापले, जळका वास सुटला, आणि पाय दाबून दाबून धाकटा उभा राहिला तरी गाडी थांबेना. वळणावर रस्ता झाडणारी एक बाई होती. ती जागीच गेली. टेम्पो भिंतीत घुसला. धाकटा वाचला, पण त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून कापावा लागला.

कंपनीच्या माणसाने टेम्पोच्या कॉम्प्युटरला वायर जोडली आणि सगळे ओळखले. पोलीस घरी आले.

"चालवणारा दवाखान्यात आहे, त्याचं नंतर बघू. गाडी कुणाच्या नावावर?"

"हिच्या," सासूबाई म्हणाल्या. "सहीसुद्धा हिचीच. आम्ही घसा कोरडा केला, नको गं बाई, भाड्याची वस्तू. पण नवरा गेल्यापासून ही ऐकते कुणाचं?"

पोर याच घरात मागे राहणार होती. थोरलीने धाकटीकडे पाहिले. धाकटी फरशीकडे पाहत होती. पोलीस थोरलीला घेऊन गेले, तेव्हा पोर शेजारी खेळायला गेली होती.

दवाखान्यात धाकट्याने विचारले, "वहिनी कुठे आहेत?"

"सही केली, ती भोगतेय."

त्याने तोंड भिंतीकडे फिरवले. तो तेव्हा बोलला असता, तर गोष्ट तिथेच संपली असती.

पंधरा दिवसांनी दुसऱ्या एका कंपनीचा एजंट घरी आला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. सासूबाईंनी त्याला चहा दिला आणि धाकटीला हाक मारली.

"बस. इथे सही कर. टेम्पो तुझ्या नावावर घ्यायचा. ड्रायव्हर ठेवू."

धाकटीने कागद उचलला आणि वाचायला लागली. सासूबाईंच्या कपाळावर आठी पडली.

"तुला गं कधीपासून वाचायची हौस?"

"सही करणार आहे मी, आई," धाकटी म्हणाली. तिने कागद खाली ठेवला. "पण यावर नाही, चौकीत. त्या दिवशी मी ओट्यापाशी उभी होते. जाऊबाईंना तुम्ही काय म्हणालात ते शब्दन् शब्द लिहून देणार आहे. खाली माझी सही."

"नवऱ्याला आत घालशील? एक पाय गेलेल्या माणसाला?"

"ते सुद्धा ऐकत होते. त्यांनी बोलायला हवं होतं. मीही त्याच दिवशी बोलायला हवं होतं."

"या घरात पुन्हा पाऊल टाकता येणार नाही तुला."

"हो," धाकटी म्हणाली. तिने थोरलीच्या मुलीचा हात धरला.

"आजी, मी चप्पल घालू?" पोरीने विचारले. आजीने एजंटचे कागद सारखे केले. पोरीने थोडी वाट पाहिली, मग चप्पल घातली. दोघी गेल्या.

एजंट चुळबुळला. त्याला दिवसभरात अजून दोन घरे गाठायची होती. "मग आजी," तो म्हणाला, "तुमच्याच नावावर करू का? बाईचं नाव असलं की झालं. तुम्हाला सही येते ना?"

पेन सासूबाईंच्या समोर आले. त्यांनी ते धरले, आणि तसाच हात थांबला.

"आधी वाचून दाखव," त्या म्हणाल्या.

"कशाला आजी, नेहमीचंच असतं."

"पहिल्यापासून वाच. सगळं."

एजंट वाचत गेला. पाच पाने झाली. सहाव्यावर तो भराभर वाचायला लागला, तेव्हा त्यांनी त्याला थांबवून ती ओळ पुन्हा वाचायला लावली. गाडी कुणीही चालवो, काहीही होवो, जबाबदारी सही करणाऱ्याची.

सासूबाईंनी पेन खाली ठेवले.

"मला कुणी फासावर चढवायला नको," त्या म्हणाल्या. "ऊठ तू."

त्या दुपारी चौकीत धाकटीचा जबाब लिहायला दोन तास लागले. थोरलीला सुटायला त्याहून पुष्कळ दिवस लागले. गल्लीतल्या त्या तीन घरांत गाड्या अजून बायकांच्याच नावावर आहेत, किल्ल्या दुसऱ्यांच्याच खिशात आहेत, आणि त्या बायकांना कागद कुणी वाचून दाखवलेला नाही. तुमच्या घरातला तुम्ही दाखवलात का?