रिताचं रडणं

मोनू मेंदूज्वरानं गेली तेव्हा तिची आई रिता रडली नाही. नंतरही नाही. ती जेवायची नाही, बोलायची नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. शेवटी नवरा कमलेश तिला लाखांदूरहून एसटीनं भंडाऱ्याला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. "गुण यायला काही आठवडे लागतात. मधेच बंद करू नका," असं बजावलं.

सुरुवातीला नुसती मळमळ झाली. मग रिता उठून बसू लागली, एकदा तिनं चहाही मांडला. सासू रंभाबाईंना हायसं वाटलं.

पुढे एका दुपारी शेंगा सोलता सोलता रिताचे हात थांबले आणि तिनं हंबरडा फोडला. ती थांबेचना. रंभाबाईंनी घाबरून गोळ्यांचं पाकीट उचललं.

"कमलेश, फेक हे औषध! पोरगी आणखीनच बिघडून राहिली."

रितानं त्यांचा हात धरला.

"नका फेकू, आई. इतके दिवस मले काहीच वाटत नव्हतं. मोनू गेली, याचंबी नाही. आता वाटून राहिलं."

रंभाबाई तिच्याजवळ बसल्या. त्या रात्रीची गोळी रितानं हुंदके देतच गिळली.