दोनदा बांधलेली भिंत

मी ओळंबा बोलतोय. पितळेचा, टोकदार, दोऱ्याला लटकणारा. लटकणं हाच माझा धंदा, पण मी हो म्हटल्याशिवाय भिंत सरळ ठरत नाही. गर्व म्हणा हवं तर. आहे मला.

लेथवरून उतरलो तो थेट एका गवंड्याच्या हातात आलो. कामावर सगळेच त्याला दादा म्हणत, पण सख्खा भाऊ एकच, हाताखाली शिकणारा धाकटा. दादाची एक रीत होती. मला भिंतीवरून खाली सोडायचा आणि मी हलायचा थांबेपर्यंत श्वास रोखून धरायचा.

“दादा, झाली की सरळ!” धाकटा चुळबुळायचा.

“अरे घोड्या, त्याला थांबू तर दे. हलता ओळंबा थापा मारतो.”

मग साथ आली. कामं बंद पडली. दादा दवाखान्यात गेला तो परत आलाच नाही. शेवटचं तोंडसुद्धा कोणाला पाहू दिलं नाही. मी त्याच्या पिशवीत थापीखाली काळवंडत पडून राहिलो.

साथ ओसरली आणि बांधकामांना ऊत आला. “राज्य सावरलं म्हणे,” मुकादम पेपर झटकत म्हणाला. सावरलं असेल. पण घरांचे भाव असे चढले, की दिवसभर दुसऱ्यांची घरं बांधणाऱ्या धाकट्याच्याच खोलीचं भाडं दुप्पट झालं. घरमालकाने खोली सोडायला महिनाअखेरची मुदत दिली. खोलीत तो, वहिनी आणि दादाची शाळकरी लेक.

मुकादमाने तोड काढली. “शनिवारपर्यंत हा मजला पुरा कर. इथली खोली तुम्हाला, भाडं नको.”

धाकट्याने मला शर्टाला घासून लख्ख केलं आणि विटांवर विटा रचत सुटला. शुक्रवारी शेवटच्या भिंतीवरून मला सोडलं, आणि मी थांबायच्या आत वर ओढलं. ओरडलो असतो, पण मला जीभ कुठे?

शनिवारी सकाळच्या उन्हात त्याला संशय आला. मला पुन्हा सोडलं. या वेळी त्याने श्वास रोखला. मी थांबलो. भिंत दोन बोटं बाहेर.

“गिलाव्यात झाकली जाईल रे. खोलीचा विचार कर,” मुकादम म्हणाला.

धाकट्याचे डोळे भरले. “दादाचा ओळंबा आहे हा!” तो ओरडला, आणि घण घेऊन भिंत पाडली.

सोमवारी ती पुन्हा उभी राहिली. तोवर खोली दुसऱ्याला गेली होती.

वहिनीने सगळं ऐकलं. “आता सरळ आहे ना, भाऊजी?”

“एकदम ओळंब्यात.”

“मग सामान बांधायला घ्या. तुमचा भाऊ असता तर शेजारचीही पाडली असती.” ती हसली, मग पदर डोळ्यांना लावला.

आता आम्ही शहराबाहेर, बसच्या शेवटच्या थांब्यापाशी राहतो. मी धाकट्याच्या खिशात असतो, छातीला लागून. तो श्वास रोखतो तेव्हा मला कळतं.

त्या भिंतीआड कोण राहायला येईल, ठाऊक नाही. जो येईल त्याने खुशाल पाठ टेकून बसावं. ती आम्ही तिघांनी बांधली आहे, दादा धरून.