हातभर फट

मित्रांनो, दुकानाचं शटर खाली ओढायचा लोखंडी आकडा तुम्ही कशाला पाहिला असेल! तो मी. हाम्बुर्गच्या रेपरबानवर माझी सगळी हयात गेली. एके काळी या रस्त्यावर जहाजांचे दोरखंड वळत. मी आलो तेव्हा नाचघरं, नाटकघरं आणि दुकानं एकमेकांना खेटून उभी होती. मारामाऱ्या तर या रस्त्याच्या पाचवीलाच पुजलेल्या.

आमचं दुकान नाचाच्या बुटांचं. मालक एमिल. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडू लागले तेव्हा त्यांनी मला धरून शटर पार जमिनीपर्यंत ओढलं. त्यांची छोटी मुलगी विब्के त्यांना बिलगून बसली. बाहेरून शटरवर थापा पडल्या. एमिलनी उघडलं नाही. थोड्या वेळाने थापा थांबल्या. नंतर शटर उघडल्यावर बाहेर जे दिसलं, त्याबद्दल ते पुढे कधी बोलले नाहीत. पण तेव्हापासून आमच्याकडे नियमच झाला. दंगा झाला की शटर ओढायचं, पण खाली हातभर फट ठेवायची. पळत येणाऱ्याला आत सरपटू द्यायचं. कोण, कुठला, विचारायचं नाही.

पुढे दुकान विब्के आणि तिचा नवरा हिनर्क चालवू लागले. एकदा हिनर्क भांडण सोडवायला गेला, तर फीटे नावाच्या खलाशाने फुटकी बाटली त्याच्या तोंडावर मारली. एक डोळा कायमचा गेला.

वर्षभराने भर दुपारी रस्त्यावर पुन्हा जुंपली. खुर्च्या उडत होत्या, काचांचा खच पडला होता. विब्केने शटर फटीपर्यंत आणलं, तोच एक रक्ताळलेला हात आत आला. मग डोकं. फीटे! त्याच्यामागे सळया घेतलेले तिघे.

"ओढ खाली, विब्के!" हिनर्क ओरडला. "तोच आहे हा हरामखोर!"

"दिसतंय मला."

"मग बघत काय बसलीस?"

"बाहेरच्या थापा मी एकदा ऐकल्यात. परत नाही ऐकायच्या मला."

तिने मला उचललं. खरं सांगतो, मलाही त्याचं टाळकं फोडायचं होतं. पण तिने मला त्याच्या कॉलरमध्ये अडकवलं आणि जीव खाऊन ओढलं. तो आत घसरला, पण एक सळई त्याच्या घोट्यावर बसलीच. हाड मोडल्याचा आवाज झाला. विब्केने शटर धाडकन खाली आणलं. बाहेरून सळया आदळत राहिल्या, पत्रा आत फुगला. ती मला दोन्ही हातांनी धरून लोंबकळली. तेव्हा वाकलेलं माझं टोक अजून तसंच आहे.

शेवटी बाहेरच्या सळया थांबल्या. मग हिनर्कने पाण्याचा ग्लास फीटेपुढे ठेवला.

"पी," तो म्हणाला. "आणि माझ्या तोंडाकडे बघून पी."

फीटेला ते पाणी काही केल्या गिळवेना.

आता शटर बटणावर चालतं. एका दमात जमिनीला टेकतं. मी शेजारच्या बारमध्ये खिळ्यावर लटकतो आणि लोक माझे फोटो काढतात. मित्रांनो, माझा गंज काढा किंवा राहू द्या, त्याचं मला काही नाही. पण बटण ज्याच्या हाताशी असेल, त्याने शटर टेकण्याआधी एकदा बाहेर कान द्यावा.